लहान हाताचं डावं पिस्तूल

जर्मनीतल्या एका बंदुकांच्या कारखान्याला मी चुकीचा हात पाठवला. हात म्हणजे हाताचा आकार, कागदावर पेन्सिलीनं काढलेला. पण खरा हात तोडून पाठवला असता तरी याहून जास्त घोळ झाला नसता. मूर्खपणाची मला सवय नाही असं नाही. कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात वाट्याला आलेल्या पाचही गोळ्या मी शेजारच्या मुलीच्या टार्गेटवर मारल्या होत्या. माझा कागद कोरा, तिच्या कागदाला दहा भोकं, आणि वर मी सुभेदारांना विचारलं होतं, "सर, माझ्या गोळ्या खोट्या होत्या का?" पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते. हाताचा घोळ केला तेव्हा एकोणसत्तर. त्या एकोणसत्तर वर्षांच्या भवानीला आज पकडून दोन धपाटे घालावेत असं वाटतं. किती आत्मविश्वास होता बाईला!

तो हात कुमुदताईंचा होता.

लेकीकडे हॉलंडमधल्या आर्नहेमला मी तीन महिन्यांसाठी गेले होते. कोरोना आला, विमानं थांबली, आणि तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. पुढे परतीची विमानं सुरू झाली तरी मीनल सोडेना. जावई वरच्या खोलीत वीज कंपनीच्या मीटिंगा करायचे, मीनल खालच्या खोलीत, नात जिन्यावर बसून शाळा करायची. मला जागा उरली होती ती स्वयंपाकघराच्या खिडकीची. तिथल्या घरांना भल्यामोठ्या काचा आणि पडद्यांचा पत्ता नाही. समोरच्यांनी काय खाल्लं, कोण कोणाशी भांडलं, सगळं उघडं. माझ्यासारखीला दुसरं काय हवं?

एप्रिलमधल्या एका सकाळी समोरच्या घरात मला एक म्हातारी दिसली. पाच फुटांच्या आतबाहेरची, पांढरे केस कापलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे, आणि हातात पिस्तूल.

"मीनल! पोलिसांना फोन कर! समोरची कोणालातरी मारतेय!"

मीनलनं मीटिंगमधून मान वळवली. "आई, त्या कुमुदताई आहेत. आपल्यातल्याच आहेत, मिरजेच्या. प्रॅक्टिस करतायत. आणि तू आधी खाली वाक, त्यांना दिसतेयस."

मी वाकले नाही. तिकडे त्यांनी पिस्तूल शांतपणे टेबलावर ठेवलं, खिडकी उघडली आणि खणखणीत मराठीत विचारलं, "काय गं, मघापासून बघतेयस ती श्वास रोखून का बघतेस? श्वास सोड, मग बोल!"

"श्वास सोड, मग बोल" हे त्यांचं पालुपद. मुलगी रडत आली, शेजारी संतापून आला, टीव्हीवर पंतप्रधान नवे नियम सांगायला उभे राहिले, सगळ्यांना हेच. नेमबाजीत म्हणे अर्धा श्वास सोडल्यावर जी क्षणभराची शांतता येते, तिच्यात चाप ओढायचा. कुमुदताईंनी सगळं आयुष्य त्या शांततेत बसवलं होतं. मिरजेला नर्सिंग शिकून चोविसाव्या वर्षी त्या हॉलंडला आल्या आणि तिथल्याच झाल्या. लग्न का नाही केलंत, असं मी दुसऱ्याच भेटीत विचारलं (मी अशीच). म्हणाल्या, "दोनदा ठरत आलं होतं. दोन्ही वेळा मला नाइट ड्यूटी होती." हे खरं की थट्टा, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांची मराठी पन्नास वर्षं बरणीत घालून ठेवल्यासारखी होती. "सिनेमाला जाणे", "पत्र टाकणे", "अमका गृहस्थ" असं बोलायच्या, आणि मध्येच एखादा डच शब्द यायचा, घसा खाकरल्यासारखा. आमच्या भेटी त्यांच्या बागेच्या कुंपणाशी. दीड मीटरचा नियम त्या नर्सच्या कडकपणानं पाळत. कुंपणापासून त्यांनी खडूनं एक रेघ मारली होती, आणि मी बोलण्याच्या भरात ती ओलांडली की हातातला चमचा माझ्याकडे रोखायच्या. चमचासुद्धा डाव्याच हातात.

त्या डावखुऱ्या होत्या. जन्मानं. पण त्यांचे वडील शाळामास्तर. जेवताना मुलीचा डावा हात पाटाला सुतळीनं बांधून ठेवत. नर्सिंगच्या शाळेतही इंजेक्शन उजव्यानंच द्यायचं शिकवलं. लिहायला मात्र त्या हॉलंडला आल्यावर चोरून डाव्यानं शिकल्या. पुढे पंचेचाळिशीत एका मैत्रिणीबरोबर गावातल्या नेमबाजांच्या क्लबात गेल्या, सहज, रविवारी करायचं काय म्हणून. तिथल्या प्रशिक्षकानं एअर पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "कुठला हात?"

"सुधा, मला आयुष्यात हे कोणी विचारलंच नव्हतं," असं त्या मला सांगत होत्या. "मी म्हटलं, डावा. तो म्हणाला, बरं. झालं! बरं म्हणाला फक्त. मी त्याच दिवशी वर्गणी भरली."

पण डाव्या हाताला चालेल असं पिस्तूल कुठे होतं? नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, हाताला घट्ट बसेल अशी कोरलेली असते. अंगठ्याला एक खोबण, तळव्याखाली एक फळी. डाव्या मुठी मिळायच्या, पण मध्यम आणि मोठ्या. म्हणजे तिथल्या सहा फुटी पुरुषांच्या मापाच्या. "माझा हात त्या मुठीत पाहुणा," असं त्या म्हणत. मग सुताराची लांबी, म्हणजे लाकडाच्या फटीत भरायचा लगदा, भरायची, कानशीनं घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. त्यांच्या स्वयंपाकघरात लाटण्याशेजारी कानस टांगलेली असे, आणि एकदा मी पोळ्यांवर लाकडाचा भुसा शोधला होता. शिवाय हवा दाबायचा दांडा पिस्तुलाच्या डाव्या अंगाला, म्हणजे प्रत्येक छऱ्यानंतर पिस्तूल उलटसुलट करायचं. असं करत करत बाई तीस वर्षं खेळल्या आणि त्यांच्या वयोगटात जिल्ह्यात पहिल्या येत राहिल्या.

त्या क्लबाची एक गंमत होती. डिसेंबरात तिथली मुलं सिंटरक्लासला, म्हणजे तिथल्या सांताक्लॉजला, आपल्या मागण्यांची यादी लिहितात, हे हवं, ते हवं. या क्लबातले साठी-सत्तरीचे लोकही लिहीत, पण बंदुकांच्या कारखान्याला. पुढच्या वर्षी कुठलं नवीन मॉडेल काढावं, याची यादी. सगळ्यांच्या मागण्या सचिव योप मोठ्यानं वाचायचा, मग ते एक लांबलचक पत्र जर्मनीला जायचं. कारखान्याकडून दर वर्षी आभाराचं पत्र आणि एक कॅलेंडर यायचं. मॉडेल कधीच यायचं नाही. तरी दर वर्षी तोच उत्साह!

त्या वर्षी क्लब बंद, म्हणून यादी व्हिडिओवर झाली. कुमुदताईंनी मला रेघेच्या आत यायची परवानगी दिली, तीही मास्क लावून आणि मागचं दार सताड उघडं ठेवून. थंडीनं माझे दात वाजत होते. पण काय सांगू, लग्नाच्या याद्या करताना मी एवढी खुशीत नव्हते! पडद्यावर चौदा म्हातारी डोकी, प्रत्येकासमोर कॉफी. विम नावाचा निवृत्त बसचालक तावातावानं सांगत होता की लाकडी दस्त्याची रायफल परत आणा, हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या रायफली हॉस्पिटलातल्या कुबड्यांसारख्या दिसतात. एका दंतवैद्यबाईंना मोरपिशी रंग हवा होता. सर्वांत वृद्ध सभासदांना मागचं नेमाचं भोक मोठं हवं होतं.

"किती मोठं?" योपनं विचारलं.

"मला दिसेल एवढं."

"त्यातून गाय जाईल," असं विम म्हणाला, आणि चौदा चौकोन एकदम हलले.

मग योप म्हणाला, "आणि कुमुद. लहान हाताचं डावं पिस्तूल." कागदाकडे न बघताच म्हणाला, कारण ती ओळ एकोणीस वर्षं तीच होती. सगळे प्रेमानं हसले. कुमुदताईही हसल्या. पण त्या डाव्या अंगठ्याचं मूळ उजव्या हातानं दाबत होत्या, ते पडद्यावरच्या कोणाला दिसलं नाही, मला दिसलं.

"काय झालं?"

"झीज. हाऊसआर्ट्स म्हणाला, एखादं वर्ष. फार तर दोन." हाऊसआर्ट्स म्हणजे तिथला घरचा डॉक्टर. "मग चिमटीत काही धरवणार नाही. एक मोसम, सुधा. एकच मोसम माझ्या मापाच्या मुठीनं खेळायला मिळाला ना, की तीस वर्षं मी नेम चुकले की मूठ चुकली, ते मला कळेल."

त्याच सभेत शेवटी योपनं बातमी फोडली. यंदा प्रदर्शनं बंद, म्हणून कारखान्यानं ठरवलं होतं की सगळ्या क्लबांकडून आलेल्या मागण्यांतून काही निवडायच्या, प्रत्येकीचा एकेक नमुना बनवायचा आणि मागणाऱ्याला वापरायला द्यायचा. मागणी का, तेवढं नीट लिहून पाठवा.

नीट लिहून! पुण्यात तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई शेजारी बसलेली असताना! मी बाह्या सरसावल्या. दोन पानं लिहिली. त्यात एक वाक्य असं होतं: 'आपली पिस्तुलं उत्तम आहेत, परंतु ती ज्या हातांसाठी घडवली आहेत, ते हात माझ्या मैत्रिणीच्या डोक्याएवढे आहेत.'

"खोटं लिहू नकोस," असं कुमुदताई म्हणाल्या.

"विमचा पंजा आणा आणि डोक्यावर ठेवून बघा."

त्यांनी विचार केला. "राहू दे ते वाक्य."

मार्चमध्ये उत्तर आलं. निवडलं! कुमुदताई चपला न घालता रस्ता ओलांडून आल्या, आमच्या दाराची घंटा वाजवून दीड मीटर मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि पत्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरून नाचल्या. पंचाहत्तर वर्षांची बाई, पायमोज्यांत, गारठलेल्या फरशीवर! माझी नात खिडकीतून ओरडली, ती डचमध्ये ओरडली, पण अर्थ 'पुन्हा, पुन्हा!' असाच होता.

पत्रासोबत दोन कागद होते. एक डाव्या हातासाठी, एक उजव्या. ज्या हातानं नेम धरता, त्याच्या कागदावर पंजा पालथा ठेवून आकार काढा, मापं लिहा, सही करा. दुसरा कागद टाकून द्या. सात वर्षांचं पोर करेल असं काम.

आम्ही बागेत टेबल मांडलं. लस घेऊन झाली होती, ऊन पडलं होतं, कुमुदताई मोसमाबद्दल अखंड बोलत होत्या. क्लब जूनमध्ये उघडणार, सप्टेंबरात जिल्ह्याचे सामने. मी पेन्सिल तासली. आणि शेकडो पोरांना तीर्थप्रसाद देताना ज्या सुरात म्हटलं असेल, त्याच सुरात म्हटलं, "हं, हात पुढे करा."

त्यांनी हात पुढे केला. उजवा.

डच माणसानं 'कुठला हात' विचारलं तर ही बाई डावखुरी. मराठीत कोणी मोठ्या आवाजात 'हात पुढे कर' म्हटलं, की उजवा हात आपोआप निघणार. आणि मला ते खटकावं कसं? पुढे आलेला हात उजवाच असायचा, हे माझ्याही हाडात मुरलेलं. समोर जो हात आला, त्याचा कागद मी त्याखाली सरकवला. बोटाबोटांतून पेन्सिल फिरवली, मापं घेतली, शुभकार्य म्हणून कोपऱ्यात कुंकवाचं बोटही लावलं. खाली कुमुदताईंनी सही केली. डाव्या हातानं! दोघींच्या चार डोळ्यांसमोर! आणि उरलेल्या कागदामागे मी भाजीची यादी लिहिली.

ऑगस्टमध्ये खोकं आलं. योपनं ते उघडलं नाही, कुमुदताईंसाठी ठेवलं. क्लबाच्या अंगणात जमिनीवर पांढरे ठिपके मारलेले होते, त्यांवर सगळे उभे. विमनं मुलीच्या लग्नातला कोट घातला होता. कुमुदताईंनी खोक्याची चिकटपट्टी कात्रीनं सावकाश कापली, ड्रेसिंग सोडवावं तशी. आत फेसाच्या गादीत ते पिस्तूल. मूठ अशी चिमुकली, अशी नाजूक कोरलेली, की मोरपिशी रंगवाल्या दंतवैद्यबाई "आह" म्हणाल्या.

कुमुदताईंनी डावा हात घातला. अंगठा जिथे विसावायचा तिथे लाकडाचा उंचवटा. बोटं जिथे वळायची तिथे सपाट. त्यांनी हात काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खोक्यातला कागद उचलला. माझ्या चित्राची प्रत होती ती. कुंकू करड्या रंगात उमटलं होतं. अंगठ्याच्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

"सुधा, हा कुठला हात?"

मी म्हटलं, "तुमचा."

"कुठला?"

मला श्वास सोडताच येईना, मग बोलणार काय? कुमुदताईंनी पिस्तूल खोक्यात ठेवलं, झाकण लावलं, योपचे आभार मानले आणि खोकं काखेत मारून चालत घरी गेल्या. मी मागून गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्या रस्त्यावरच्या एकाही घराला पडदा नव्हता. दुसऱ्या दिवशी कुमुदताईंच्या खिडकीला चादर लागली.

आठ दिवस मी ती चादर बघत होते. मीनल म्हणाली, "आई, चूक कोणाकडूनही होते." असली वाक्यं ज्याच्याकडून चूक झाली त्यालाच सांगतात, जिचा मोसम गेला तिला सांगून बघा. मी कारखान्याला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की सहीचा कागद उजव्या हाताचा आला, तोच आम्ही प्रमाण मानला; आता नमुने संपले, यंदा दुसरा होणार नाही, पुढच्या यादीत जरूर लिहा. कुमुदताईंच्या अंगठ्याला पुढची यादी माहीत नव्हती, हे मी त्या फोनवरच्या बाईंना कसं समजावणार? तरी एक माफीचं आणि विनवणीचं पत्र मी टाइप केलं. त्यावर फक्त त्यांची सही हवी होती. आणि माझं पुण्याचं विमान पुढच्या शुक्रवारचं होतं.

कुमुदताई आता नाहीत. त्यानंतर अडीच वर्षांनी गेल्या, झोपेत. योप अजूनही दर डिसेंबरात ती ओळ यादीत घालतो आणि मला मेल करून कळवतो. पण माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या आठवड्यातल्या बुधवारचं.

सकाळी चादर निघालेली दिसली. मी पत्र घेऊन धावत गेले आणि सवयीनं मागच्या दारातून आत शिरले. कुमुदताई बैठकीच्या खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभ्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला बघताच त्यांनी नवं पिस्तूल टेबलावर ठेवलं. रिकामं असलं तरी माणूस समोर आलं की खाली, हा त्यांचा नियम. पिस्तूल ठेवणारा हात उजवा होता. टेबलावर वही होती, आणि तिच्यात आठ दिवसांच्या तारखा. म्हणजे चादरीमागे हे चाललं होतं.

मी भराभर बोलत सुटले. फोन केला, बाई असं म्हणाल्या, हे पत्र, इथे सही.

त्यांनी डाव्या हातानं पत्र घेतलं, वाचलं, दोन स्पेलिंगं सुधारली आणि सही केली. "डिसेंबरच्या यादीतही घाल. मला नाही मिळालं तर दुसरी कोणी डावखुरी येईलच," असं म्हणत त्यांनी सही केलेलं पत्र परत दिलं. मग उजवा पंजा उघडून माझ्यासमोर धरला. "हा कोरा आहे. याचा अंगठा अजून दहा वर्षं चालेल. पण नेमबाजीतलं याला काही म्हणजे काही येत नाही. काल नेम धरायला गेले तर थेट दिव्याकडे! सप्टेंबरात नवशिक्यांच्या गटात नाव दिलंय. सगळी पोरं पंधरा-सोळा वर्षांची. त्यांच्या आयांना काळजी वाटत असेल, ही म्हातारी कोण." त्यांचे गाल लाल झाले होते. नाचत आल्या होत्या त्या दिवसासारखे नव्हे; एखादं काम अर्धवट टाकून उठावं लागल्यावर होतात तसे.

मला मात्र एकच विचारायचं होतं. शुक्रवारी जाणार होते, पुन्हा भेट होते न होते. मी जायला निघाले आणि दाराशेजारच्या भिंतीपाशी, पत्र छातीशी धरून, उभी राहिले आणि म्हटलं, "कुमुदताई, माझ्यावर रागावला नाहीत ना?"

त्यांनी टेबलावरच्या पिस्तुलाकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "रागावलेय तर! चांगली रागावलेय, आणि अजून बरेच दिवस रागावणार आहे. पण आधी तू तिथून बाजूला हो बघू, मला नेमाचा कागद दिसत नाहीये."